निळ्या खुंट्यांजवळच्या नांग्या

बाबा,

तुम्ही गेलात त्याला आता पंचवीसेक वर्षं झाली असतील. एवढ्या काळात तुम्हाला काही लिहावं असं मला कधी वाटलं नाही. आपल्या दोघांत बोलणंच मुळात कमी. तुम्ही जिवंत असताना जे ‘हं’ आणि ‘बरं’ यांत आटपत होतं, त्याच्यासाठी आता पानं कशाला खर्च करायची, असं माझं मत. शिवाय गेलेल्या माणसांना पत्रं लिहिणाऱ्या बायका मला जरा नाटकी वाटतात. पण गेल्या रविवारी मेथी निवडता निवडता आई एक वाक्य बोलली आणि तेव्हापासून माझं डोकं जागेवर नाही. मी कामावर जाते, चहा पिते, लोक बोलतात त्याला मान डोलावते, आणि मध्येच जिन्यात नाहीतर रस्त्याच्या कडेला थांबून स्वतःशी म्हणते, हे कसं शक्य आहे. तुम्हाला विचारता येत नाही. आईला पुन्हा विचारायचा धीर होत नाही. म्हणून हा कागद घेतला.

मागचं थोडं सांगते, म्हणजे मला काय झालंय ते तुम्हाला कळेल. वनशास्त्राच्या एमएस्सीला माझं नाव लागलं हे मी घरी सांगितलं तेव्हा तुम्ही वर्कशॉपातून येऊन नळावर पाय धूत होता. हैदराबादेतलं लालागुड्याचं आपलं रेल्वेचं क्वार्टर, पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागे खाटेएवढं अंगण. ते दिवस असे होते की आपल्या लाइनीतलं प्रत्येक पोरगं दिलसुखनगरला संगणक शिकायला जात होतं. देशाची दारं उघडली, आता बाहेरच्या कंपन्या येणार, असं जो तो बोलत होता. तुमच्या वर्कशॉपात नवी भरती बंद झाली होती आणि आमच्या पिढीला तुमच्यासारखी नोकरी मिळणार नाही हे तुम्ही माझ्या आधी ओळखलं होतं. तुम्ही गुपचूप जाऊन एका क्लासची चौकशीसुद्धा करून आला होता, हे मला आईनं नंतर सांगितलं. आणि मी तुमच्यापुढे उभी राहून म्हटलं, मी झाडांचा अभ्यास करणार.

तुम्ही नळ बंद केलात. “झाडं शिकाया इद्यापीठ कशाला लागतंय?” असं म्हणालात. मी काही तरी मोठं उत्तर द्यायला लागले तर तुम्ही हात वर केलात. “आम्ही रानातून पळून आलो, माय. माझा बाप अंजनाच्या सालीचे दोर वळून वळून मेला. ना जमीन, ना जुमला. त्या मनमाडच्या गाडीत बसून इथवर आलो ते रान मागं ऱ्हावं म्हनून. अन् तू शिकूनसवरून परत रानातच निघालीस?” एवढं बोलून तुम्ही टॉवेल खांद्यावर टाकून आत गेलात. त्यानंतर दोन वर्षं तुम्ही माझ्या शिक्षणाबद्दल एक शब्द विचारला नाहीत. रागावला नाहीत, अडवलं नाहीत, फी भरलीत. पण विचारलं नाहीत.

ही गोष्ट मी आयुष्यभर सांगत आले. विद्यार्थ्यांना सांगितली, माझा सत्कार झाला त्या दिवशी माइकवरून सांगितली. माझ्या प्रयोगाचा प्लॉट विद्यापीठाच्या माळावर होता, तारनाक्याच्या अंगाला, आपल्या घरापासून सायकलनं अगदी जवळ; आणि माझ्या वडिलांनी तो कधी डोळ्यांनी पाहिलासुद्धा नाही. लोकांना ही गोष्ट आवडायची. एका पिढीचं दुःख दुसऱ्या पिढीला कळत नाही वगैरे ते म्हणायचे. मीही मान हलवायचे आणि आतून मला ते फार लागायचं. खरं सांगते, तुम्ही गेल्याचं जितकं लागलं त्याहून हे जास्त काळ लागत राहिलं.

तुम्ही एकदाच त्या अभ्यासात हात घातलात. बुद्धपौर्णिमेला गावी गेला होता. आलात ते सरळ माझ्या टेबलाशी आलात आणि पुस्तकांवर एक गाठोडं ठेवलंत. आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा होता तो. आत अंजनाच्या शेंगा, वाळलेल्या, कागदासारख्या पातळ, एका टोकाला बी. माझा विषयच तो होता. वेगवेगळ्या डोंगरांतलं अंजनाचं बी आणायचं, एकाच खडकाळ माळावर त्याची रोपं लावायची, पाणी घालायचं नाही, आणि कुठल्या डोंगरातलं बी जास्त तगतं ते बघायचं. आमच्या गाईड सरांनी अनंतपूरकडचं, आदिलाबादकडचं बी मागवलं होतं. माझा विषय तुम्हाला माहीत असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, “हे बी लाव त्यात. आपल्या डोंगरातलं हाये. बघू तुझं इद्यापीठ काय म्हनतंय.” आणि निघून गेलात. मी त्या गाठोड्याकडे कितीतरी वेळ बघत बसले होते.

सरांनी हरकत घेतली नाही. ते स्वभावानं कडक, पण नव्या बियाण्याचा त्यांना लोभ होता. रोपं मी आपल्या मागच्या अंगणातच तयार केली, काळ्या पिशव्यांत. आई कपडे वाळत घालताना त्या पिशव्यांवरून उड्या मारत जायची आणि मला शिव्या द्यायची. पावसाळ्यात रोपं माळावर गेली. प्रत्येक रोपाशेजारी एक खुंटी ठोकली, प्रत्येक डोंगराच्या बियाण्याला वेगळा रंग. अनंतपूरला पिवळा दिला, आदिलाबादला लाल. आपल्या बियाण्याला मी निळा दिला. का दिला ते तुम्हाला सांगायची गरज नाही. त्या अख्ख्या विद्यापीठात तो रंग मला एवढ्याच ठिकाणी लावता येणार होता. उरलेल्या पिशव्या अंगणातच राहिल्या. सर म्हणाले होते टाकून दे, पण तुम्ही दाढी करताना त्यांना तांब्याभर पाणी घालायचात म्हणून मीही हलवल्या नाहीत.

पाऊस संपला आणि रोपं मरायला लागली. मरणारच होती, त्याच्यासाठीच तर लावली होती. एका रविवारी दुपारी आपण जेवायला बसलो होतो. आईला मी सांगत होते की आज इतकी काड्या झाली, तितकी काड्या झाली. तुम्ही भाकरी मोडत होता, मान खालीच. एकदम म्हणालात, “मग नांग्या भरायच्या.”

मला हसू आलं. पिकाच्या ओळीत एखादं रोप मेलं की तिथं दुसरं लावून ती रिकामी जागा भरायची, हे खेड्यातल्या कुणालाही ठाऊक असतं. पण माझा प्लॉट म्हणजे पीक नव्हतं. मी म्हटलं, “नांग्या नाही भरायच्या बाबा. मेलं ते मेलं. ते मोजायचं असतं.”

“मेलेलं तसंच उभं ठेवायचं?”

“हो. तोच तर अभ्यास आहे.”

तुमचा हात ताटात थांबला. “असला कसला अभ्यास. आमच्या बापाच्या टायमाला कापसात एक नांगी ऱ्हायली तर मालक सगळ्या गावादेखत शिव्या द्यायचा. म्हनायचा, तुमच्या जातीला कामाची लाज न्हाई.” आई म्हणाली, जेवताना कशाला ते. मग मी तुम्हाला प्रयोग म्हणजे काय ते समजावून सांगितलं, अगदी वर्गात सांगतात तसं. सगळ्यांना सारखं वागवायचं, कुणाला मदत करायची नाही, मग शेवटी जे उरतं ते खरं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “बरं.” मला वाटलं, पटलं.

पुढचा उन्हाळा तुम्हाला आठवतो का? हैदराबादचा मे, आणि तो माळ म्हणजे नुसते गोल गोल दगड एकावर एक. सकाळी नऊलाच मातीत हात घालवत नव्हता. पिवळ्या खुंट्या, लाल खुंट्या, ओळीच्या ओळी वाळून चालल्या होत्या. आणि निळ्या खुंट्यांपाशी वीतभर उंचीची हिरवी रोपं उभी. अंजनाचं एक आहे, पहिली काही वर्षं ते वर वाढतच नाही, सगळं बळ मुळाला लावतं. त्यामुळे जुनं रोप आणि नवं रोप उंचीवरून वेगळं ओळखू येत नाही. हे मी माझ्या प्रबंधात पहिल्याच प्रकरणात लिहिलं आहे. आणि मलाच ते सुचलं नाही.

गाईड सर एकदा माळावर आले, उकिडवे बसले, निळ्या खुंटीजवळच्या रोपाचं पान दोन बोटांत धरलं आणि म्हणाले, “अम्मा, ये मरता क्यों नहीं?” त्यांच्या तोंडचं ते वाक्य मला बक्षिसासारखं वाटलं होतं. एकदा मला दोनचार निळ्या खुंट्यांपाशी माती ओली दिसली. मी चौकीदारचाचांना विचारलं, पानी कौन डाला? चाचा बिडी विझवून म्हणाले, “ओस गिरी होंगी, बेटी.” म्हटलं, मे महिन्यात दव? तर म्हणाले, “हैदराबाद है मां, यहां कुछ भी हो सकता.” मी हसत हसत पुढच्या ओळीला गेले. चाचांना थट्टेची सवय होतीच. पाण्याचा डबा कुणाच्या तरी हातून सांडला असेल, असं मी धरलं.

निकाल लागला तसा मी घरी आले. तुम्ही सायकल उलटी करून साखळीला तेल घालत होता. मी म्हटलं, “बाबा, तुमचं बी पहिलं आलं. सगळ्यांत जास्त तगलं.” तुम्ही मान वर केलीत आणि हसलात. मोकळं हसलात, दात दिसले तुमचे. “येनारच की,” म्हणालात. “आपलं हाये ते.” त्यानंतर तुम्ही फार वर्षं राहिला नाहीत. तुमचा विषय निघाला की माझ्या डोळ्यांपुढे तेच हसणं यायचं. आता ते डोळ्यांपुढे आलं की मी हातातलं काम टाकून उठते.

कारण त्या निकालावर माझं सगळं आयुष्य उभं राहिलं, बाबा. हे मी फुगवून सांगत नाही. त्यावरच मला संशोधन केंद्रात नोकरी लागली. त्या वर्षांत बाहेरच्या देशांतून पैसा येत होता, उघडे डोंगर हिरवे करायच्या योजना निघत होत्या, आणि कोरड्या माळावर कुठलं झाड लावायचं असा प्रश्न आला की माझ्या प्रबंधाचं पान उघडायचं. अजिंठ्याच्या डोंगराखालच्या आपल्या गावाला जीप जायची. ज्या गावात आपल्या घराला गुंठाभर जमीन नव्हती तिथल्या बाया माझ्यासाठी शेंगा वेचायच्या आणि मी झाडाखाली खुर्चीवर बसून त्या मोजून घ्यायचे. तुम्ही बघायला हवं होतं असं मला दर वेळी वाटायचं. आणि ती रोपं जाऊन जिथं जिथं लावली तिथं तिथं मेली. सगळीच नाही, पण इतर कुठल्याही बियाण्याच्या रोपांइतकी, काही ठिकाणी जास्तच. दर वेळी आम्हाला कारण सापडायचं. पाऊस लांबला. खड्डे नीट घेतले नाहीत. आणि सर्वांत आवडतं कारण म्हणजे शेळ्यांनी खाल्लं. महबूबनगरकडच्या एका गावात मी बैठकीत उभी राहून बायांना बोल बोल बोलले होते. एक म्हातारी उठून शांतपणे म्हणाली, “मेकलु रालेदम्मा.” शेळ्या आल्याच नाहीत हो बाई. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या गावाचं पुढच्या वर्षीचं काम बंद झालं.

आता गेल्या रविवारचं. आई हल्ली माझ्याकडेच असते, तारनाक्याला. तुम्ही होता तेव्हा इथं मोकळी जागा होती, आता बाल्कनीतून समोरच्याच्या बाल्कनीतली तुळस दिसते. मी निवृत्तीला आले आहे. जायच्या आधी एक नवी योजना आली आहे, आजवरची सर्वांत मोठी, शहराभोवतालचे सगळे उजाड माळ, आणि बी कुठलं घ्यायचं ते माझ्या सहीवर अडलं होतं. हे मी आईला सांगत होते. कुकर लावला होता, दोघींच्या मध्ये मेथीची जुडी. म्हटलं, “बघ, पुन्हा आपल्याच डोंगरातलं बी मागताहेत.”

आई म्हणाली, “मागतीलच. तुझ्या बाबानं काय कमी केलं का त्याच्यापायी? किती नांग्या भरल्या त्या सालात.”

“कुठल्या नांग्या?”

“कुठल्या म्हंजे? तुझ्या त्या इद्यापीठाच्या माळावरच्या.”

मला वाटलं तिचं वय बोलतंय. मी समजुतीनं म्हटलं, “आई, बाबा तिकडे कधी आलेच नव्हते.”

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही वय माझंच झालंय. “सुट्टी आली की जायाचा की. तू लायबरीत गेलीस की निघायचा. मागच्या अंगनातल्या तुझ्या त्या पिशव्या पोत्यात घालायचा, सायकलीला लावायचा, हँडलला पान्याचा डबा. त्या चौकीदारचाचाला बिड्या न्यायचा. त्यो बी चांगला मानूस, खुरपं देयाचा. निळ्या खुंटीपाशी वाळकी काडी दिसली की तुझ्या बाबाला बघवायचं न्हाई. म्हनायचा, बाकीच्यांचं काय बी होऊ दे, निळी जागा रिकामी ऱ्हाता कामा न्हाई.”

“उन्हाळ्यातसुद्धा?”

“उन्हाळ्यातच जास्त. येताना सगळं अंग भाजून यायचा. मी म्हनायची, उगं मरशील.”

मी विचारलं, “मला का नाही सांगितलंत?”

“त्यो नको म्हनला. पोरगी रागावंल म्हनला. मग पास झालीस, मग कशाला उकरायचं? मला वाटलं आत्तापर्यंत तुला ठावं आसंल.” आणि तिनं पुढची काडी उचलून पानं खुडली. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता. नवऱ्याचं कौतुक करून झालं होतं. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या. बंद करायला मी उठले नाही, शेवटी गुडघ्यावर हात टेकत तीच उठली. मी हातात मेथीचं देठ धरून बसले होते.

मग हळूहळू एकेक गोष्ट माझ्यापुढे येऊन उभी राहिली. ओली माती. चाचांचं दव. अंगणातल्या पिशव्या एकेक करून कमी होत होत्या आणि मी समजत होते आई त्या शेजारणींना वाटतेय. सरांचा प्रश्न, ये मरता क्यों नहीं. ते बी मरत होतं हो. तुम्ही मरू देत नव्हता. ते बी इतर बियाण्यांसारखंच होतं, साधं, कुठलाही चमत्कार नसलेलं, आणि मी त्याच्यावर प्रबंध, नोकरी, भाषणं, सगळं रचत गेले. मला तुमचा भयंकर राग आला. इतका राग मला तुम्ही जिवंत असतानाही कधी आला नव्हता. माणूस प्रेमानं इतकं नुकसान करू शकतो हे मला कुठल्याही पुस्तकानं सांगितलं नव्हतं. मला ती म्हातारी आठवली आणि मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

दुसऱ्या दिवशी मी तो माळ बघायला गेले. काय बघणार होते कुणास ठाऊक. तिथं केव्हाच वसतिगृह उभं राहिलंय, दगड फोडून सपाट केलेत, गाड्या लावायला फरशी घातली आहे. एक अंजन शिल्लक असतं तर मी ते उपटून बघितलं असतं, मूळ किती खोल गेलंय ते. काही नव्हतं. एक मुलगी फरशीवर उभी राहून फोनवर कुणाशी तरी तेलुगूत भांडत होती. मी तिच्याकडे बघत बराच वेळ उभी राहिले तर ती बिचारी घाबरून आत गेली.

एक गोष्ट मात्र तिथं उभी असताना माझ्या लक्षात आली. त्या रविवारी जेवताना मी तुम्हाला प्रयोग समजावला आणि तुम्हाला तो कळला नाही, असं मी आदल्या दिवसापासून धरून चालले होते. अडाणी माणूस, शेतमजुराच्या घरची सवय, रिकामी जागा बघवली नाही. पण तसं नव्हतं. तुम्हाला चांगलं कळलं होतं. मेलेले मोजणार, ते कागदावर लिहिणार, आणि निळ्या रंगापुढे सगळ्यांत मोठा आकडा आला तर तो विद्यापीठातले सगळे वाचणार. सगळ्यांना सारखं वागवायचं असं मी म्हटलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे जसं पाहिलं होतं ते मला आता दिसतंय. सारखं वागवतात यावर तुमचा विश्वास कसा बसणार होता? माझ्या वर्गात मला कोण कसं वागवत होतं हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. तुम्हाला ते न सांगता माहीत होतं. राग गेला नाही माझा. पण त्याच्याशेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं आणि ते दोन्ही आता एकमेकांना हलू देत नाहीत.

काल बैठक झाली. मी सही केली नाही. म्हटलं, हा निष्कर्ष टिकत नाही, मी तो मागे घेते आहे, मूळ प्रयोगात मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपं लावली गेली होती. पुण्याहून आलेला एक तरुण अधिकारी आहे, सभ्य मुलगा, माझ्याशी मुद्दाम मराठीत बोलतो. बाकीचे बाहेर गेल्यावर तो हळूच म्हणाला, “मॅडम, इतक्या जुन्या प्रयोगात काही त्रुटी आढळल्या, एवढंच लिहू या ना. कुणी केलं ते कशाला? तुमचं निवृत्तीचं वर्ष आहे.” त्याचं बरोबर होतं. तसं लिहिलं असतं तर माझं नाव बरंचसं वाचलं असतं, तुमचं तर पूर्णच. आता लोक म्हणतील की हिच्या घरच्यांनीच हिला पास केलं. आमच्यासारख्यांबद्दल ते तसंही असं म्हणायला टपलेलेच असतात, त्यांना मी आयतं हातात दिलं. हे सगळं मला कळत होतं. तरी मी त्याला म्हटलं, “लिहा, माझ्या वडिलांनी लावली.” त्यानं लिहिलं. त्या म्हातारीच्या गावीही मी जाणार आहे. ती असेल असं वाटत नाही, पण तिचं कुणी तरी असेल.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिनं आज सकाळी विचारलं, बी आणायला गावाकडं कधी जायचं. मी म्हटलं, बघू. हा कागद मी टेबलावर उघडाच ठेवणार आहे, लपवायचं कारण नाही. आईला अक्षरओळख नाही आणि माझ्या मुलाला मराठी बोलता येतं, वाचताना तो दुसऱ्या ओळीला थकतो. या घरात मराठी वाचणारी मी एकटीच उरले आहे.

एक राहिलं. बैठकीत मी म्हटलं की हे कळल्यावर मला जबर धक्का बसला. सगळ्यांनी सहानुभूतीनं माना हलवल्या. त्यांना वाटलं, आयुष्यभराचा निष्कर्ष खोटा निघाला त्याचा धक्का, आणि मी ते तसंच राहू दिलं. पण बाबा, आई ते बोलली तेव्हा माझ्या मनात निष्कर्ष आलाच नव्हता. तो बऱ्याच वेळानं आला. आधी एवढंच आलं, की तुम्ही येत होतात.